चार टोचाव्या, दोन राखाव्या

मनुष्याच्या आयुष्यात काही निर्णय असे असतात की, ते घेण्यापूर्वी तो वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतो, पंचांग उघडतो, चार ठिकाणी चौकशी करतो आणि अखेरीस जे करू नये असे सर्वांनी बजावलेले असते तेच करून मोकळा होतो. विवाह, घरखरेदी आणि धाकट्या चिरंजीवांची शाखा हे विषय या वर्गात मोडतात हे सर्वमान्य आहे. परंतु घरामागच्या वीतभर जागेत भाजीचे बी किती पेरावे, या प्रश्नाला त्यांच्या पंक्तीत अद्याप कोणी बसवलेले नाही, ही आपल्या शास्त्रकारांची मोठीच हयगय म्हणावी लागेल.

वास्तविक नौपाड्यात राहणाऱ्या गृहस्थाला भाजी पिकवण्याचे तिळमात्र प्रयोजन नाही. घरातून निघून गोखले रस्त्याला लागावे तो गावदेवीची मंडई येते, आणि पाय आणखी थोडे चालण्यास राजी असतील तर जांभळी नाक्यावर दुधीपासून अळूपर्यंत सर्व काही, सुट्या पैशांवरून होणाऱ्या वादासह, विनासायास मिळते. पण ज्या जागी आज पुनर्विकासाचे मनोरे उभे आहेत तेथे एके काळी कौलारू घरे, विहिरी आणि पडवळाचे मांडव होते, हे नौपाड्याच्या माणसाने स्वतः पाहिलेले तरी असते किंवा पाहिलेल्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेले असते की, आपणच ते पाहिले असे त्याला प्रामाणिकपणे वाटू लागते. सेवानिवृत्तीनंतर ही व्याधी बळावते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारला 'अधिक धान्य पिकवा' अशी मोहीम काढावी लागली होती. सेवानिवृत्त माणसाला तशी मोहीम लागत नाही, सकाळचे वर्तमानपत्र लवकर वाचून संपले की पुरते.

आमच्या दुमजली जुन्या इमारतीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि गटार यांच्या दरम्यान, १० चौरस मीटरची एक पट्टी उरली होती. तिच्यावर कोणा एकाचा हक्क नसल्यामुळे तो सर्वांचा होता, आणि सर्वांचा असल्यामुळे तेथे फुटक्या कुंड्या, एक गळकी टाकी आणि कोणा बिऱ्हाडाने मागे ठेवलेला मोडका पाळणा एवढी मालमत्ता बेवारस पडली होती. ही जागा भाजीपाल्यासाठी माझ्या हवाली करावी, असा ठराव सोसायटीच्या सभेत आला तेव्हा तो एकमताने मंजूर झाला. ती साफ कोणी करावी, हा अनेक वर्षांचा प्रलंबित प्रश्न त्यामुळे परस्पर निकालात निघत होता.

जागा साफ झाली, शेणखत आले, आणि मी बियाण्यांच्या दुकानात गेलो.

"दुधी, भेंडी आणि टोमॅटोचे बी द्या," मी म्हणालो.

"क्षेत्र किती?" दुकानदाराने विचारले.

"बेताचेच आहे."

"बेताचे म्हणजे एकर, की दोन एकर?"

ते गुंठ्याचा दहावा हिस्सा आहे हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला. त्याने तितक्याच हळू आवाजात, आजाऱ्याच्या नातलगाशी बोलावे तसे, १० ग्रॅमपेक्षा लहान पाकीट नसल्याचे सांगितले. टोमॅटोच्या एका ग्रॅमात सुमारे तीनशे बिया भरतात. म्हणजे त्या एका पाकिटात तीन हजार झाडे डोळे मिटून पडलेली होती, आणि दर झाडाला दोनच किलो धरले तरी सहा टन टोमॅटो सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून मी घरी आलो. एवढ्या ऐवजासह गोखले रस्ता पायी ओलांडणारा मी त्या दिवशीचा एकमेव इसम असेन.

आता प्रश्न असा की, यातले पेरावे किती? शेतकीच्या पुस्तिकेत सर्व प्रमाणे हेक्टरी दिलेली असतात, आणि लहानपणी शाळेत छड्या खाऊन शिकलेले त्रैराशिक उतारवयात कामी येण्याचा असा सुयोग विरळाच. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. आमची पट्टी त्याचा बरोबर हजारावा भाग. तेव्हा पुस्तिकेतल्या किलोच्या जागी ग्रॅम लिहिले की हिशेब पुरा होत होता. खरिपात भेंडीला हेक्टरी ८ किलो बी लागते. आम्हांला ८ ग्रॅम. टोमॅटोला हेक्टरी ४०० ग्रॅम; आम्हांला ०.४ ग्रॅम. एवढे सूक्ष्म वजन करण्याचे साधन घरात नसल्यामुळे मी तडक ओळखीच्या सराफाची पेढी गाठली.

"अर्ध्या ग्रॅमला थोडे कमी तोलून हवे आहे," मी म्हणालो.

"सोने की मोती?"

"टोमॅटोचे बी."

"घडणावळ वेगळी पडेल," सराफ शांतपणे म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ज्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या गुंजेच्या बीने सोने तोलले गेले, त्या धंद्याने माझे बी तोलण्यास नकार द्यावा, याला कृतघ्नतेखेरीज दुसरा शब्द नाही.

सराफाने हात झटकल्यावर मी ग्रंथांना शरण गेलो. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी दहा गुंठ्यांत एक कुटुंब उत्तम रीतीने नांदू शकते असे प्रतिपादन केले आहे. त्या हिशेबाने आमच्या दशांश गुंठ्यावर कुटुंबाचा शंभरावा हिस्सा नांदला असता, आणि घरातील माझ्या मताचे वजन पाहता तो हिस्सा मीच असणार याविषयी कोणाला शंका नव्हती. मग मी मेंडेलकडे वळलो. या संन्यस्त गृहस्थाने १८५६ ते १८६३ या काळात आपल्या मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढवली आणि त्यांचा दाणा न् दाणा मोजून आनुवंशिकतेचा पाया घातला. आपण किती पेरत आहोत आणि कशासाठी, हे नेमके ठाऊक असलेला माळी माझ्या वाचनात तेवढा एकच आला, पण "एवढ्या वाटाण्यांचे मी काय करू?" असे विचारणारे कुटुंब त्याच्या मठात नव्हते, ही सवलत ध्यानात घेतली पाहिजे.

आमच्या कुटुंबाने तो प्रश्न पेरणीपूर्वीच विचारला.

"अहो, किती पेरायचं ते मागाहून बघा. आधी खाणार कोण, ते ठरवा."

ही दृष्टी मला अभिनव वाटली. मी कागद घेऊन घरातल्या प्रत्येकाची दुधीविषयीची मागणी नोंदवण्यास बसलो. चिरंजीवांनी "माझं नाव लिहू नका" एवढा एकच जबाब दिला. कन्येने हलवा असेल तर विचार करू, अशी सशर्त संमती दिली. कुटुंबाने, आपण कोणाच्या मागणीनुसार कधी जेवलो आहोत काय, असा प्रतिप्रश्न करून तो रकाना कोराच ठेवला. आई म्हणाली, "ह्यांना फार आवडायचा रे दुधी," आणि सर्वांनी भिंतीकडे पाहिले. सारांश, घरात दुधी मनापासून खाणारी एकच व्यक्ती होती, आणि ती तसबिरीत होती. अशा परिस्थितीत एक वेल पुरेसा आहे, किंबहुना अर्ध्यावरही भागेल, असा अहवाल मी तयार केला.

एक वेल हवा, तर बिया किती? एक, असे उत्तर भोळा माणूस देईल. पण पाकिटावर उगवणक्षमतेची टक्केवारी छापलेली असते. १९६६ च्या बियाणे अधिनियमाखाली जी किमान प्रमाणे ठरली, त्यांनुसार टोमॅटोच्या शंभरांतल्या ७० बिया उगवल्या पाहिजेत, भेंडीच्या ६५, आणि दुधीच्या ६० उगवल्या तरी कायद्याचे समाधान होते. उरलेल्या चाळीस कोणत्या, ते मात्र पाकिटावर लिहिलेले नसते. हा मामला मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे नेला. गणिताचे अध्यापन करून निवृत्त झालेले हे गृहस्थ, कोणी शंका घेऊन येते का याची वाट पाहत दिवस काढतात.

"आळ्यात एक बी टाकलंत तर आळं रिकामं राहण्याचा संभव शेकडा ४०," मास्तर हर्षाने म्हणाले. "दोन टाका, १६ वर येतो. तीन टाका, ६.४. चार टाका, २.५६."

"म्हणजे चार पुरेत?"

"२.५६ ची जोखीम पत्करायची तयारी असेल तर पुरेत."

"आणि शून्य केव्हा येतं?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "शून्य कधीच येत नाही," ते म्हणाले. "बिया कितीही टाका." गणितात ज्याला अनंत म्हणतात ते प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, तर एक दुधी हमखास हवा असलेला माणूस पाहावा, हे मला त्या दिवशी उमगले.

गुहागरची आत्या याच सुमारास आमच्याकडे मुक्कामाला आली. अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर होती. त्या दिवशी वेलभाज्यांची आळी घालावीत ही तिच्या माहेरची आणि सासरचीही वहिवाट. माझे कागद, कोष्टके आणि मास्तरांचे दशांश अपूर्णांक तिने एकवार नजरेखालून घातले.

"मेल्या, बी पेरतोयस की भूमापन खात्यात नोकरी धरलीस?" ती म्हणाली. "आळ्यात चार टोचायच्या. उगवल्या की त्यातल्या दांडग्या दोन राखायच्या."

"आणि बाकीच्या दोन?"

"उपटायच्या."

कोकणात चार पिढ्यांनी ज्यावर निर्वाह केला ते संपूर्ण शास्त्र तिने तीन वाक्यांत सांगितले, आणि ती चहा घेऊ लागली. मुहूर्तावर तीन आळी झाली. एकाने भागत होते, पण एकुलत्या आळ्याला दृष्ट लागते, असा आईने अभिप्राय दिला होता. प्रत्येकात चार बिया पडल्या, एका कडेला भेंडी, दुसरीला टोमॅटो आणि कोपऱ्यात कोथिंबिरीसाठी धणे रगडून टाकले गेले, आणि आत्या गुहागरला परतली.

दुधीचे बी उगवायला आठवडा लागतो हे पुस्तकात स्पष्ट दिलेले असते. परंतु पुस्तक वाचलेला माणूस आणि ओल्या मातीकडे पाहत उभा असलेला माणूस या दोन भिन्न व्यक्ती असतात. तिसऱ्या दिवशी मी कोणाला न कळू देता दर आळ्यात दोन बिया आणखी टोचल्या. पुढे जी वस्तुस्थिती प्रकाशात आली ती अशी की, चौथ्या दिवशी आईने, पाचव्या दिवशी कन्येने आणि २.५६ हा आकडा मनातून न गेलेल्या मास्तरांनी रात्री विजेरी घेऊन, हेच पुण्यकर्म केले होते. पाकीट संपल्याचे पाहून कुटुंबाने स्वयंपाकघरातल्या डब्यात जपून ठेवलेले माहेरचे बी त्यात ओतले. बी जमिनीखाली असते तोवर, आपण लक्ष घातल्यावाचून ते उगवणार नाही, अशी घरातल्या प्रत्येकाची स्वतंत्र खात्री असते. एवढ्या जणांनी इतक्या एकनिष्ठेने आणि एकमेकांना न सांगता केलेले आमच्या घरातले दुसरे कार्य मला आठवत नाही.

आणि मग सर्व बिया उगवल्या. कायद्याने साठांची हमी दिली होती. बियांनी कायदा वाचलेला नव्हता.

येथे शास्त्राची दुसरी आज्ञा लागू झाली. विरळणी या शब्दात वरवर पाहता भयंकर असे काही नाही. पण दोन कोवळी पाने उघडून आपल्याकडे पाहणाऱ्या रोपट्याच्या मानेला हात घालण्याची वेळ आली म्हणजे, आयुष्यभर कारकून म्हणून नेकीने काम केलेल्या माणसाकडून जल्लादाचे काम होत नाही. मी कुटुंबाकडे पाहिले. "बी तुम्ही आणलंत," ती म्हणाली. आई म्हणाली, "सकाळी सकाळी नको." संध्याकाळी म्हणाली, "आता दिवेलागणीला नको." मास्तरांनी, दांडगे कोणते हे उंचीवर ठरवायचे की पानांच्या संख्येवर, असा निकषाचा मुद्दा काढून प्रकरण आठ दिवस लांबणीवर टाकले, आणि तेवढ्या अवधीत सगळीच दांडगी झाली. गुहागरहून फोन आला.

"उपटलीस का रे?"

"हो, ते चाललंच आहे," मी सरकारी उत्तर दिले.

अखेर उपटण्याऐवजी पुनर्वसन करण्याचे ठरले. श्रीखंडाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटके माठ, जे मिळेल त्यात रोपे बसवली गेली. वेलभाज्यांना स्थलांतर मानवत नाही असे पुस्तक म्हणते, पण आमची रोपे वाचनाच्या बाबतीत बियांवरच गेली होती. ठाण्यातल्या ओळखी संपल्यावर एका दुपारी मी सहा डबे पिशवीत उभे करून डोंबिवलीला मेहुण्याकडे निघालो. धिम्या गाडीत कळव्याला एका गृहस्थाने कसली रोपे म्हणून विचारले, मुंब्र्याला मी त्यांना एक डबा भेट दिला, आणि दिव्यापर्यंत आमच्या बाकाजवळचे इतर प्रवासी माझी नजर चुकवून खिडकीबाहेर पाहू लागले होते. मेहुण्याने दार उघडले, पिशवी पाहिली आणि "या" म्हणण्याआधी "आमच्याकडे दुधी कोणी खात नाही" म्हणाला. तरी आप्तधर्म म्हणून त्याने रोपे ठेवून घेतली, आणि तोच आप्तधर्म स्मरून निघताना माझ्या हातात एक खोके दिले. त्यात वांग्याची रोपे होती. त्यांच्या गॅलरीत जरा जास्त झाली होती.

मृगाचा पाऊस पडला आणि वेलांनी इमारतीचा ताबा घेतला. मांडव दोन दिवसांत व्यापून ते पन्हळीवर चढले, पहिल्या मजल्याच्या गजांत शिरले आणि मास्तरांच्या खिडकीतून आत डोकावून त्यांच्या अपूर्णांकांची तपासणी करू लागले. पांढऱ्या फुलांनी मागची भिंत भरून गेली, पण फळ एकही धरेना. तेव्हा घरात गंभीर वातावरण पसरून, बी कमी पडले काय, अशी चर्चा सुरू झाली आणि कुटुंबाने डबा पुन्हा काढला. दुधीला आरंभी बरेच दिवस केवळ नर फुले येतात, मादी फुले मागाहून येतात, आणि ती संध्याकाळी उमलतात, हे पुस्तकाच्या पुढच्या पानावर होते. ते वाचून मी एक रंगाचा कुंचला आणि विजेरी घेऊन तिन्हीसांजेला वेलात शिरलो.

"काही हरवलंय का साहेब?" राखणदाराने विचारले.

"मादी शोधतोय," मी लक्ष न देता उत्तर दिले. तेव्हापासून तो मला सलाम करतो, पण अंतर राखून.

श्रावणात फळ धरले, आणि जे धरले ते थांबेना. शेतीत पिकाची पैसेवारी काढतात. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नास पैशांच्या खाली आली की सरकारदरबारी टंचाईची परिस्थिती मानतात आणि शेतसाऱ्यात सूट मिळते. पण पैसेवारी रुपयाला ओलांडून गेली तर संबंधित इसमास कोणती सूट द्यावी, याची तरतूद महसुली कायद्यात कोठेही नाही. सोमवारी दुधीची भाजी झाली, मंगळवारी चणाडाळ घालून झाली, बुधवारी थालीपीठ, गुरुवारी कोशिंबीर, आणि शुक्रवारी कन्येने आपली सशर्त संमती काढून घेतल्यामुळे हलवा मला एकट्याला संपवावा लागला. शेजाऱ्यांना प्रथम एकेक दुधी दिला तेव्हा "अरे वा, घरचा?" असे स्वागत झाले, दुसऱ्या खेपेस "कशाला उगीच?" झाले, पुढे आमची पावले जिन्यात वाजताच आतला दूरदर्शन संच बंद होऊन बिऱ्हाडात नीरव शांतता पसरू लागली. राममारुती रस्त्यावर मला पाहून पलीकडच्या बाजूला जाणारे लोक मी पूर्वीही पाहिले होते, पण तेव्हा ते उसने पैसे देणे असलेले होते. कुटुंब मात्र रोज पिशवी घेऊन गावदेवीला जात राहिले, कारण एवढ्या सुकाळात दररोज लागणारी एकच वस्तू होती, कोथिंबीर, आणि ती तेवढी उगवली नव्हती.

प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेत येणे अपरिहार्य होते. दुसऱ्या मजल्याच्या तक्रारी, पन्हळीचा तुंबारा आणि जिन्यात बेवारस सापडलेले सात दुधी हे कागद सेक्रेटरींनी पटलावर ठेवले. बागेस मनाई करण्यास कोणी धजेना, कारण पुनर्विकासासाठी जागा ताब्यात घेणाऱ्यापुढे 'येथे बाग आहे' असे म्हणता येणे उपयुक्त ठरेल असे काहींचे मत होते. म्हणून बऱ्याच विचारान्ती असा ठराव आला की, पुढील वर्षापासून या कामी एका माणसाची मनमानी चालू न देता, बाराही बिऱ्हाडांना समान हक्काने प्रत्येकी एकच वेल मंजूर करावा.

"एकच म्हणजे बी एकच?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारले. "आणि ते नाही उगवलं तर?"

सभेत अस्वस्थता पसरली. मास्तर उभे राहिले, त्यांनी शेकडा साठ, चाळीस आणि २.५६ हे आकडे सभेपुढे ठेवले, आणि प्रत्येक बिऱ्हाडाने सुरक्षिततेखातर चार बिया टोचाव्या ही दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात संमत झाली. एका सभासदाने, आपली माणसे दोन ठिकाणी विभागलेली असल्यामुळे आपणास पाच मिळाव्या, असा लेखी अर्ज दिला. तोही मंजूर झाला. बियांची एकूण बेरीज सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घेतली.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आमचे कुटुंब म्हणाले, "आणि त्यातल्या जास्तीच्या उपटायच्या कोणी, तेही लिहून घ्या."

सेक्रेटरींनी लेखणी उचलून सभागृहाकडे पाहिले, तेव्हा गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे त्यांच्या लक्षात आले.